एमडी मेडिसिननंतर अध्यापनाची वाट धरावी का?

एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका निवासी डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या बरोबरीचे बहुतेक जण हृदयरोग, पोटविकार किंवा मूत्रपिंडविकार यांतील डीएम या सुपरस्पेशालिटी पदवीसाठी नीट-एसएस या प्रवेशपरीक्षेच्या तयारीला लागले आहेत, तालुक्याच्या गावी स्वतःचे हॉस्पिटल काढावे अशी घरच्यांची इच्छा आहे, आणि त्यांना स्वतःला मात्र वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवताना सर्वांत जास्त समाधान मिळते. जनरल मेडिसिनमध्येच राहून वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक होणे हे आयुष्यभर पुरेल असे काम आहे का, त्यात पुढे जाण्याची वाट कशी असते आणि आत्तापासून काय करायला हवे, असे ते विचारतात.

मी महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिनचा अध्यापक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र ‘मला शिकवायला आवडते’ एवढे कारण त्यासाठी मी पुरेसे मानत नाही, कारण वर्गासमोर बोलण्याचे समाधान इतरत्रही मिळते. मेडिसिनच्या अध्यापकाचे मुख्य काम निराळे आहे. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून, निदान अजून झालेले नसताना, आपण काय आणि कोणत्या क्रमाने विचार करीत आहोत ते विद्यार्थ्यांसमोर उघडपणे मांडायचे, आणि त्यातल्या प्रत्येक पायरीवर ‘का?’ असे विचारण्याचा हक्क सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्यालाही द्यायचा, हे ते काम. ते ज्याला रोज करावेसे वाटते, त्याने या क्षेत्रात अवश्य यावे. यातून विद्यार्थी घडतात हे तर खरेच, परंतु त्याहीआधी स्वतःचे वैद्यकीय ज्ञान शाबूत राहते. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला आपण एखादे अँटिबायोटिक का लिहिले याचा जाब विचारणारे कोणी नसते, आणि सवयीने लिहिलेले औषध हळूहळू त्याच्या हाताचे वळण होऊन बसते. अध्यापकाला तो जाब रोज द्यावा लागतो. अध्यापन आणि रुग्णसेवा ही या नोकरीतली दोन वेगळी कामे नसून पहिल्यामुळे दुसरे काम सुधारते, अशी माझी पक्की धारणा आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच धारणेतून केलेले आहे.

आधी सुपरस्पेशालिटीविषयी. ज्याला कॅथ लॅबमधले किंवा एंडोस्कोपीचे काम मनापासून आवडते, त्याने डीएम जरूर करावे. समाजाला त्यांची गरज आहे. परंतु जनरल मेडिसिन म्हणजे डीएमची जागा न मिळालेल्यांचा थांबा, हा समज मला मुळीच मान्य नाही. एक नेहमीचे उदाहरण घ्या. पन्नाशीचा मधुमेही गृहस्थ, क्षयरोगाचे उपचार सुरू होऊन दोन महिने झालेले, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आधीपासून थोडे वाढलेले, आणि आता चार दिवसांपासून उलट्या होत आहेत. या उलट्या क्षयाच्या औषधांमुळे यकृताला आलेल्या सुजेच्या आहेत, मूत्रपिंड आणखी बिघडल्याच्या आहेत, की मधुमेह बिघडून रक्तात कीटोन वाढल्याच्या आहेत? क्षयावरच्या रिफॅम्पिसिनमुळे मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून त्याची साखर चढलेली असणार. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी या क्रिएटिनिनवर कितपत चालवायचे ते ठरवावे लागेल. एथॅम्ब्युटॉल या क्षयाच्या औषधाची मात्रा मूत्रपिंडाच्या कामानुसार बदलावी लागेल आणि त्याच्या दृष्टीवर लक्ष ठेवावे लागेल. हा रुग्ण चार विशेषज्ञांकडे पाठवला तर चार चिठ्ठ्या घेऊन परत येतो आणि त्यांतली दोन औषधे एकमेकांच्या विरोधात जाणारी निघतात. या सगळ्याचा एकत्र विचार करून आज, आत्ता, कोणते औषध थांबवायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे जनरल फिजिशियन, आणि सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात असे रुग्ण अपवाद नसून तेच बहुसंख्येने असतात.

महाराष्ट्रातील मेडिसिन वॉर्डाचे स्वरूप ऋतूंप्रमाणे बदलते. पाऊस लागला की डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस येतात. शेतीची कामे जोरात असताना सर्पदंशाचे आणि कीटकनाशकांच्या विषबाधेचे रुग्ण वाढतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण वर्षभर असतात. शिवाय इतिहास अचानक वॉर्डात येऊन ठेपतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईच्या रुग्णालयांमध्ये लेप्टोचे रुग्ण येऊ लागले. ताप, पोटऱ्या दाबल्या तर असह्य दुखणे, डोळे लाल, मग कावीळ आणि लघवी कमी होणे, हे चित्र त्या वर्षी शिकत असलेल्या मुंबईतील पिढीच्या डोळ्यांपुढे कायमचे राहिले. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. २०२० आणि २०२१ विषयी तर काही सांगायलाच नको. नवा आजार, पुस्तकात एकही ओळ नाही, आणि तरीही सकाळचा राउंड घ्यायचाच होता. अशा वेळी ज्या विभागांत तर्काने विचार करण्याची शिस्त आधीपासून होती, तेथील निवासी डॉक्टर कमी गोंधळले, हे मी जवळून पाहिले आहे.

आता खाटेशेजारच्या शिकवण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या कारकिर्दीचा गाभा तोच आहे.

पावसाळ्यातली पहाट आहे असे समजा. एका तरुण शेतमजुराला पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या म्हणून गावातून पाठवले आहे. केसपेपरवर ‘अॅसिडिटी’ लिहिलेले आहे. राउंडच्या वेळेपर्यंत त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत, बोलणे नाकातून येते आहे, थुंकी गिळता येत नाही. निवासी डॉक्टर स्ट्रोक, मायस्थेनिया, गियाँ-बारे, बॉट्युलिझम अशी यादी म्हणून दाखवतो. यादी चुकीची नाही. पण येथे अध्यापकाने उत्तर न सांगता विचारायचा प्रश्न असा, की हा माणूस रात्री कोठे झोपला होता? जमिनीवर, सतरंजीवर, असे उत्तर मिळाले की मण्याराचा विचार पहिल्या क्रमांकावर येतो. मण्यार रात्री घरात शिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो, वेदना आणि सूज जवळजवळ नसते, दाताच्या खुणा पुष्कळदा सापडतही नाहीत, आणि पहाटेची पोटदुखी हे त्याचे फसवे पहिले लक्षण असते. मग विद्यार्थ्यांना पुढचे दाखवायचे: उशीवरून डोके उचलायला सांगा, मानेचे स्नायू किती दुबळे झाले आहेत ते कळेल, एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा, तो कोठवर पोहोचतो त्यावरून श्वासाची ताकद समजेल आणि व्हेंटिलेटरची तयारी वेळेवर करता येईल. यासाठी खर्चिक तपासणी लागत नाही.

अशा रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, आणि ती पुस्तकातून नीट पोहोचत नाही. विष पूर्ण चढल्यावर त्याचे हातपाय, चेहरा, डोळे सगळे निश्चल होते, बाहुल्याही मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होतात, आणि नवखा डॉक्टर त्याला खोल कोमात गेलेला किंवा मेंदू मृत झालेला समजू शकतो. प्रत्यक्षात तो पूर्ण शुद्धीवर असू शकतो आणि आपले बोलणे ऐकत असतो. म्हणून त्याच्या खाटेजवळ ‘आता काही उपयोग नाही’ असे कोणी म्हणू नये, सक्शन करण्यापूर्वी त्याला सांगावे, नातेवाइकांनी त्याच्याशी बोलत राहावे. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून असे रुग्ण बहुधा पूर्ण बरे होऊन चालत घरी जातात. हे एकदा खाटेशेजारी पाहिलेला विद्यार्थी जन्मभर विसरत नाही, आणि पुढे ग्रामीण रुग्णालयात एकटा असताना निदान हाताने श्वास देणारी अॅम्ब्यू पिशवी दाबत राहून रुग्णाला मोठ्या रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचवण्याचे धैर्य त्याला होते.

तपासणीचे शिकवणेही असेच हाताला हात लावून करावे लागते. पोट तपासताना पानथरी (प्लीहा) शोधायची तर हात उजव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाजवळ ठेवून सुरुवात करायची आणि रुग्णाच्या प्रत्येक श्वासाबरोबर तिरके डाव्या बरगडीकडे सरकायचे, हे प्रत्येकाने वाचलेले असते. तरीही दहांपैकी निम्मे विद्यार्थी थेट डाव्या बरगडीखाली हात घालतात. छोटी पानथरी असेल तर त्यांना ती सापडतेही. पण ती बेंबीच्या पलीकडे पोचलेली असेल तर हात तिच्या पृष्ठभागावरच पडतो, कडा बोटांना लागतच नाही, आणि सर्वांत मोठी पानथरीच नेमकी ‘नॉर्मल पोट’ म्हणून नोंदली जाते. अध्यापकाने हे तोंडाने सांगण्यापेक्षा विद्यार्थ्याचा हात धरून उजवीकडून आणावा, आणि कडा बोटांवर आदळते त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. माझ्या मते या नोकरीतले मोठे समाधान तेथे आहे.

इतिहास घेणे, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची हकीकत समजून घेणे, हा त्याहून अवघड भाग. ‘जिना चढताना दम लागतो का?’ हा प्रश्न पुस्तकातला आहे. ज्या बाईच्या वाडीत एकही जिना नाही, तिला तो विचारून काही कळत नाही. तिला विचारावे की गेल्या दिवाळीत विहिरीवरून पाण्याची घागर न थांबता घरी आणत होतात का, आणि आता वाटेत किती वेळा टेकवावी लागते. खुरपणीला बायकांच्या ओळीत मागे पडता का? रात्री उठून भिंतीला टेकून बसावे लागते का? या उत्तरांवरून हृदय किती थकले आहे त्याची प्रतवारी जवळपास तितकीच नेमकी करता येते. सध्याच्या पिढीचे बरेच विद्यार्थी शहरांतून किंवा परराज्यांतून येतात. त्यांना रुग्णाच्या दिवसाची आणि कामाची माहिती करून देणे हेसुद्धा मेडिसिनच्या अध्यापकाचेच काम आहे.

राउंडवर शिकवताना वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेतील कौटुंबिक वैद्यकाच्या अध्यापकांनी सुचवलेली पाच छोट्या पायऱ्यांची पद्धत मी मनापासून सुचवतो. विद्यार्थ्याला आधी स्वतःचे निदान सांगायला लावायचे. कशावरून असे वाटते ते विचारायचे. त्या रुग्णातून एकच सर्वसाधारण नियम शिकवायचा. त्याचे काय बरोबर होते ते नेमके सांगायचे. आणि काय चुकले ते दुरुस्त करायचे. पाच मिनिटांत हे होते. यातली पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे विद्यार्थी केस सांगतो आणि सर निदान सांगतात. विद्यार्थी कधी स्वतःहून निर्णयाला येतच नाही, म्हणून त्याला आपली विचारपद्धती कोठे ढिली आहे हे कळतही नाही. शिवाय हे सारे अपमान न करता व्हायला हवे. विद्यार्थ्याला रुग्णासमोर आणि नातेवाइकांसमोर फाडून खाण्याची परंपरा आपल्या काही विभागांत आहे, आणि तिचे शिस्त म्हणून समर्थनही होते. मी तिला ठाम विरोध करतो. घाबरलेला निवासी डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून न तपासलेली गोष्ट ‘नॉर्मल’ म्हणून सांगू लागतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

रुग्णाची संमती आणि लाज या गोष्टी त्याच वेळी शिकवायच्या असतात. पंधरा विद्यार्थ्यांनी एकाच यकृताला हात लावण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे, पडदा ओढावा, स्त्री-रुग्णाजवळ सिस्टर किंवा मावशी असावी. आणि क्लिनिक संपल्यावर, इतका वेळ आपण इंग्रजीत काय बोललो ते त्याला मराठीत दोन वाक्यांत सांगावे, कारण ‘मॅलिग्नन्सी’ (कर्करोग) हा शब्द ऐकून रात्रभर जागे राहिलेले रुग्ण असतात.

विद्यार्थ्यांना वर्गातून वॉर्डात आणण्याचे श्रेय सामान्यतः विल्यम ऑस्लर यांना दिले जाते. कॅनडात वाढलेले हे फिजिशियन १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले, १८९२ मध्ये त्यांचे मेडिसिनचे पाठ्यपुस्तक निघाले आणि १९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. त्यांच्या कारकिर्दीतून घेण्यासारखी बाब ही, की पाठ्यपुस्तकाने त्यांना जगभर कीर्ती दिली, तरी विद्यार्थ्यांना वॉर्डातल्या रुग्णांची प्रत्यक्ष जबाबदारी देणे हेच काम त्यांनी स्वतः सर्वांत मोलाचे मानले. आपल्या मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज तर १८४५ पासूनचे आहे आणि परळचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ पासूनचे. या दोन्ही ठिकाणच्या वॉर्डांमध्ये शिकवण्याची स्वतःची परंपरा तयार झाली, आणि राज्यातील अनेक विभाग त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभे केले.

या परंपरेतून संशोधन कसे निघते, याची दोन उदाहरणे माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी देत असे. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग उभारणाऱ्या डॉ. नोशिर वाडिया यांच्या लक्षात आले, की चालताना तोल जाणाऱ्या काही कुटुंबांतील रुग्णांची नजर एका बाजूकडून दुसरीकडे नेहमीच्या झपाट्याने न जाता संथपणे सरकते. त्यांनी हे १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक स्वतंत्र आनुवंशिक आजार म्हणून मांडले. पुढे जनुकीय तपासण्यांच्या काळात हाच आजार एससीए-२ या नावाने जगभर ओळखला गेला. एमआरआय नव्हता, जनुक माहीत नव्हते. रुग्णाच्या डोळ्यांकडे लक्षपूर्वक पाहिले गेले होते.

दुसरे उदाहरण कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयातले नाही, आणि म्हणूनच मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले फुप्फुसात पाणी भरून मरताना पाहिली. घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि नंतर हृदयाचे अपयश या क्रमाच्या त्यांनी रुग्णाजवळ बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये आले. विंचवाच्या विषाने शरीरातील कॅटेकोलामाइन्स, म्हणजे अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये, प्रचंड प्रमाणात सुटतात, रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर उत्तेजित होऊन रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर न पेलणारा भार येतो. मग रक्तदाबासाठी वापरली जाणारी आणि नेमका तोच रिसेप्टर अडवणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी येथे का वापरू नये, असा तो तर्क होता. १९८६ मध्ये प्राझोसिनवरील त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेली, प्राझोसिनबरोबर प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतात असे दाखवणारी चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आली. संशोधनासाठी मोठी प्रयोगशाळा नाही, असे सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला मी हीच हकीकत सांगतो. आपल्या वॉर्डात वारंवार दिसणारा आणि पुस्तकात नीट न लिहिलेला आजार निवडा, प्रत्येक रुग्णाची नोंद एकाच पद्धतीने ठेवा, आणि ती नोंद रोज ठेवा.

आता पायऱ्यांचे सांगतो. एमडी झाल्यावर एक वर्ष सीनियर रेसिडेंट म्हणून काम केले की सहायक प्राध्यापकपदासाठी पात्रता येते. तेथे चार वर्षे काढल्यावर सहयोगी प्राध्यापक आणि त्यानंतर तीन वर्षांनी प्राध्यापक होता येते. मात्र नुसता काळ पुरत नाही, शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावे लागतात, आणि वैद्यकीय शिक्षणाचा तसेच जैववैद्यकीय संशोधनाचा असे दोन मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे, एमडीची तीन, आणि वरची आठ असा हिशेब केला तर कागदावर पस्तिशीच्या सुमारास प्राध्यापक होता येते. प्रत्यक्षात पदे रिक्त होणे, लोकसेवा आयोगाची जाहिरात येणे, बढतीच्या समितीची बैठक होणे या सगळ्याला वेळ लागतो, आणि तोवर कित्येकांना तात्पुरत्या नेमणुकीवर काम करावे लागते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग २०२० मध्ये जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आल्यापासून अध्यापकांच्या पात्रतेचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. म्हणून कोणाच्या ऐकीव माहितीवर न जाता अर्जाच्या वेळची अधिसूचना स्वतः वाचावी.

शोधनिबंधांच्या अटीमुळे एक वाईट बाजारही उभा राहिला आहे. पैसे भरले की पंधरा दिवसांत छापून देणारी नियतकालिके रोज ई-मेल पाठवतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. थिसिस जर नीट केला असेल, म्हणजे प्रश्न खरा असेल, एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घेतलेली असेल आणि नोंदी प्रामाणिक असतील, तर त्यातूनच पहिला निबंध निघतो. थिसिस परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करायचा असल्यामुळे परीक्षेनंतर निकाल लागेपर्यंतचे मोकळे आठवडे हातात असतात. लेखनाला तेच वापरावेत. आपल्या देशातील फिजिशियनांची संघटना १९४४ पासून काम करीत आहे आणि तिचे ‘जापी’ हे नियतकालिक येथील फिजिशियन खरोखर वाचतात; आपल्या वॉर्डातले काम तेथे पाठवण्यात कमीपणा मानू नये.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. सहायक प्राध्यापकाचा पगार आणि त्याच वयाच्या, चांगली प्रॅक्टिस बसलेल्या मित्राचे उत्पन्न यांत मोठे अंतर असते आणि ते वर्षांबरोबर वाढत जाते. सरकारी सेवेत खासगी व्यवसाय न करण्याच्या अटीवर व्यवसायरोध भत्ता मिळतो, पण त्याने ते अंतर भरून निघत नाही. बदल्या होतात, नवे महाविद्यालय सुरू झाले किंवा मान्यतेसाठीची तपासणी आली की जुन्या महाविद्यालयांतील अध्यापक तिकडे पाठवले जातात, आणि मुलांच्या शाळा, वृद्ध आईवडील, नोकरी करणारा जोडीदार या सर्वांना त्याची झळ बसते. विभागात कारकुनाचे काम पुष्कळ असते: हजेरी, औषधखरेदीच्या समित्या, माहिती अधिकाराची उत्तरे, न्यायालयात साक्षीसाठी जाणे. शिकवण्याची आवड घेऊन आलेले चांगले लोक या कामाखाली दबून पाच-सात वर्षांत नोकरी सोडून गेलेले मी पाहिले आहेत आणि त्यांना मी दोष देत नाही. जे टिकले, त्यांच्यात मला एक समान गोष्ट दिसली: राउंडची वेळ त्यांनी कोणत्याही बैठकीला दिली नाही. अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून बोलावणे आले तरी ‘राउंड संपवून येतो’ असे सांगण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावून घेतली, तर वरिष्ठही ती मान्य करतात. उशिरा लावायला गेल्यास ती लागत नाही.

घरच्यांशी बोलताना ‘पैसा दुय्यम आहे’ असे सांगून विषय संपवू नये. शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचे हप्ते, घर, बहीण-भावंडांच्या जबाबदाऱ्या, हे सारे कागदावर मांडून सहायक प्राध्यापकाच्या पगारात ते बसते का ते एकत्र बसून पाहावे. बसत नसेल तर काही वर्षे खासगी रुग्णालयात किंवा गावी काम करून नंतर अध्यापनात येणेही शक्य असते. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण पाहून आलेला अध्यापक विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी पडतो, असे माझे निरीक्षण आहे. घरच्यांचा आग्रह आणि तुमची आवड यांत तितका विरोध नसेलही.

२०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, आणि त्यात संवादकौशल्य, नीतिमूल्ये, रुग्णाला वाईट बातमी कशी सांगावी, हे प्रथमच वेळापत्रकात आले. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे वेळापत्रकाचे ओझे वाटते. मी त्याचे स्वागत करतो, कारण पूर्वी या गोष्टी ज्याला चांगले सर लाभले त्यालाच मिळत. दोष आहे तो अंमलबजावणीत. लॉगबुकवर सह्यांचे रकाने एका बैठकीत भरले जातात, आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष तपासणी करताना कोणी पाहिलेलेच नसते. नव्या अध्यापकाने यातून एकच गोष्ट मनावर घेतली तरी पुष्कळ आहे: आठवड्यातून एकदा, एका विद्यार्थ्याला एका रुग्णाचा इतिहास घेताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न टोकता पाहायचे, आणि नंतर बाजूला घेऊन काय दिसले ते सांगायचे. हे सोपे वाटते, पण न टोकता बसणे फार कठीण जाते.

आता तुमच्या हाती असलेल्या महिन्यांविषयी. जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांचे जिल्हा निवासी प्रशिक्षण शिल्लक असेल तर ती सुट्टी समजू नका. तेथे सीटी स्कॅन रात्री बंद असताना निर्णय कसे घेतले जातात ते पाहून वहीत लिहा, कारण तुमचे बहुतेक विद्यार्थी पुढे तशाच ठिकाणी काम करणार आहेत. इंटर्नना रोज दुपारी एक ईसीजी शिकवायला सुरुवात करा, आणि त्यांना शिकवताना आपल्याला काय सांगता आले नाही ते त्याच रात्री वाचा. परीक्षेतल्या लाँग केससाठी, म्हणजे एका रुग्णाच्या सविस्तर सादरीकरणासाठी, तुम्ही करीत असलेली तयारी वाया जाणार नाही. इतिहास, तपासणी, निदान आणि त्याची बाजू मांडणे हा क्रम अध्यापकाला रोज लागतो.

सीनियर रेसिडेंटची जागा निवडताना महाविद्यालयाचे नाव आणि शहर यांच्या आधी विभाग पाहा. शक्य असल्यास न सांगता एका सकाळी तेथे जा आणि वॉर्डाच्या दाराशी उभे राहून राउंड बघा. युनिटप्रमुख रोज येतात का, निवासी डॉक्टर त्यांना प्रश्न विचारतात का, मृत्यू झालेल्या रुग्णांची चर्चा आठवड्याला होते का आणि त्या चर्चेत दोष शोधतात की कारण, सहायक प्राध्यापकांना स्वतंत्र क्लिनिक घेऊ देतात का, हे तेथील रजिस्ट्रारना विचारले तर ते मोकळेपणाने सांगतात. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर पगार थोडा कमी आणि गाव थोडे लांब असले तरी ती जागा घ्यावी.